सुतकातली सुई

आत्या, तुमच्या खोलीची खिडकी सध्या बंद आहे. तुम्हाला जिथून उचललं तिथं पीठ पसरून दिवा ठेवलाय, आणि वाऱ्यानं तो विझू नये म्हणून नानांनी खिडकी लावून घेतली. फटीतसुद्धा चिंध्यांचे बोळे कोंबले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती खिडकी मी कधी बंद बघितली नव्हती. थंडीत तुमच्याशी भांडले, डासांवरून भांडले, समोर बांधकाम चालू होतं तेव्हा धुळीवरून भांडले. तुम्ही एकदाही ऐकलं नाही. आता खोलीत तेलाचा वास कोंडलाय आणि मला तिथं पाच मिनिटं बसवत नाही.

तिसऱ्या दिवशी पिठात काहीतरी उमटलं म्हणून सगळे बघायला वाकले. नाना म्हणाले पाखराची पावलं दिसतात, वहिनी पाखराच्या जन्माला गेली. तुमच्या लेकानं मान डोलावली. मला वाटलं आता तुम्ही मागून म्हणणार, "पाखरू कशाचं, झुरळ असंल." हसू आलं आणि ते लपवायला पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं सून रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मग खरंच रडले.

लोकांना सांगावं लागतं की आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. नाहीतर शाळेतल्या नव्या बाईंना वाटायचं, ही वडिलांच्या बहिणीला सांभाळतेय, किती मोठं मन. मी काही तुम्हाला सांभाळलं नाही. आपण एकमेकींना सहन केलं, आणि त्यातूनच कधीतरी माया लागली. नेमकी कधी लागली ते तुम्हालाही सांगता आलं नसतं.

सुतकाचं घर कसं असतं हे काय तुम्हाला सांगायचं. चूल नाही, देवपूजा नाही, कुणाच्या घरी जायचं नाही. शेजारची शबाना दोन वेळचं जेवण आणून देते आणि डबे दारातच ठेवते. तुमचा लेक क्रियेला बसलाय, घोंगडीवरून उठत नाही. नातू दुबईला, त्याला येता आलं नाही, तो फोनवर रडतो. आणि दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून नाना बसलेत. तुमचे धाकटे दीर, सत्तरीला टेकलेले, गावाकडून, कन्नडहून आले ते तसेच ठाण मांडून. येणाऱ्याला पाणी विचारतात, जाणाऱ्याला "या म्हणू नये" असं म्हणत हात जोडतात. त्यांना विचारल्याशिवाय या घरातून काही बाहेर जात नाही. कचऱ्याची पिशवीसुद्धा नाही.

आणि आत, अश्विनीच्या कुशीत, तुमचा पणतू आहे. दीड महिन्याचा झाला परवा.

अश्विनीला, माझ्या सुनेला, आई नाही, म्हणून बाळंतपण आपल्याच घरी केलं. शेवटच्या दिवसांत तुम्हाला उठवत नव्हतं, तरी बाळाला तुमच्याजवळ द्यायलाच लागायचं. तुम्ही त्याच्या छातीला कान लावून पडून राहायचात. अश्विनी लाडानं म्हणायची, "पणजी गाणं ऐकतेय." ती पोर शहाणी आहे, पण तिला माहीत नव्हतं तुम्ही काय ऐकताय. मला माहीत होतं. एसटीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात, कुठंही पोर खोकलं की तुमचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. तुम्ही मान वळवून थांबायचात. साधा खोकला आहे अशी खात्री पटली की मग पुढचं वाक्य.

बुधवारी बाळाच्या दीड महिन्याच्या सुईचा दिवस. आशाताईचा फोन आला तेव्हा मी तुमच्या दिव्यात तेल घालत होते. "मॅडम, आज्जीचं कळलं, वाईट वाटलं. पण बाळाला बुधवारी आणा," म्हणाली. मी हो म्हटलं आणि सहज बाहेर येऊन नानांना सांगितलं.

"सुतकात?" नाना म्हणाले. रागानं नाही. तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना रागावता येत नाही. "कवळं लेकरू हाय. सुईनं ताप येतो. सुतकात घरात नवं दुखणं कशाला आणायचं? तेरावं होऊ दे, मग खुशाल ने."

तुमच्या लेकाकडं बघितलं. तो म्हणाला, "नाना म्हणतील तसं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, थोडं मागंपुढं झालं तर आकाश कोसळत नाही, तुमच्या घरात दुःख आहे, समजू शकतो. म्हटलं ठीक. म्हटलं थांबू. नानांचं मन मोडायला नको, कशाला घरात वाद, तुम्ही गेलात म्हणून माणसं आलीत, सुई काय पुढच्या बुधवारीही असते. मी स्वतःला समजावण्यात पटाईत आहे, तुम्हीच म्हणायचात.

पण चार दिवसांपूर्वी शबाना डबा ठेवताना दारातून हळूच म्हणाली, "बाजी, पिछली गल्ली में एक बच्चे कू काली खांसी हुई बोलते. तुमारे घर में इत्ते लोगां आ रहे. मुन्ने कू किसी के हात में नक्को देव."

काली खांसी. आपण डांग्या खोकला म्हणतो तो. डॉक्टरांना पुन्हा फोन केला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. म्हणाले, आता उशीर करू नका.

आत्या, हे सगळं तुमच्यावरून एकदा गेलंय म्हणून तुमच्याशीच बोलायला बसले.

आठवतं, तुमच्या नातवाला पहिली सुई दिली तो दिवस? मी नवखी आई, तो किंचाळतोय, मला घाम फुटलेला, मी त्याला गप्प करायला सारखी थोपटतेय. तुम्ही माझा हात धरलात. "रडू दे. श्वास पुरतोय त्याला, म्हणून रडतंय." आणि चक्क हसलात. मला तुमचा असा राग आला होता. म्हटलं, काय बाई आहे, लेकराच्या रडण्यावर हसते.

त्यानंतर काही दिवसांनी लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसलो होतो. तुम्ही अडकित्त्यावर, मी पुसायला. तेव्हा तुम्ही सांगितलंत. अगदी सरळ, कुणाच्या तरी तिसऱ्याच घरची गोष्ट सांगावी तसं.

कन्नडच्या अलीकडचं गाव. घरात तीन लेकरं. थोरला माझा नवरा, मधली कमळ, आणि मांडीवर विजय. त्या हिवाळ्यात गावात खोकला शिरला. थोरला आणि कमळ दोघंही पडले. वारं लागू नये म्हणून तुम्हाला लेकरांसकट मागच्या खोलीत घातलं. खिडकीला गोणपाट लावून वरून शेणमातीनं लिंपलं. दाराला बाहेरून आडोसा. आत शेगडी. घरातली मोठी माणसं म्हणत होती तसंच तुम्ही केलंत, कुणीही केलं असतं. कुंभाराकडून गाढविणीचं दूध आलं, गळ्यात गंडे बांधले. कमळ खोकायला लागली की थांबायचीच नाही. जीभ बाहेर यायची, ओठ निळे पडायचे, आणि मग श्वास आत ओढताना तो आवाज, कोरड्या रहाटासारखा. तुम्ही म्हणालात, "ती रडायची नाय बघ. रडायला लागली की खोकला यायचा, म्हणून लेकरू रडणंच विसरलं."

कमळ गेली. थोरला तगडा होता, तो तरला. आणि घरात सुतक लागलं.

मग लोकांनी विजयचं नाव बदललं. यमाची नजर पडू नये म्हणून त्याला दगडू म्हणायला लागले. तुम्ही अजून त्याच खोलीत, त्याला छातीशी धरून. आणि त्याच दिवसांत गावात सुईवाली बाई आली. तालुक्याहून, पेटी घेऊन, घरोघर लहान लेकरं विचारत. आपल्याही दारात आली. तुम्ही आतून तिचा आवाज ऐकलात. "या घरात लेकरू आहे का लहान?"

दारात नाना होते. तेव्हा विशीतले. ते म्हणाले, "हाय. पर घर सुतकात हाय बाई. पुढल्या खेपेला या."

ती म्हणाली, नुसतं बघून जाते. नाना म्हणाले, "नको. सुतक हाय." ती गेली.

तुम्ही आत होतात. सुनेनं बाहेर येऊन पुरुषांच्या बोलण्यात पडायचं नसतं. तुम्ही उठून दारापर्यंत आलात, आडोशाला हात लावलात, आणि तिथंच उभ्या राहिलात. एवढं सांगितलंत आणि पुन्हा कैरी अडकित्त्याखाली धरलीत. तेरावं व्हायच्या आतच विजय खोकायला लागला होता. दगडू म्हणून काही उपयोग झाला नाही.

मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल, कारण त्यावरून आपण पुढं कित्येक वर्षं भांडलो. मला वाटलं मी तुमचं ओझं हलकं करतेय. म्हटलं, "आत्या, त्या एका सुईनं काही झालं नसतं. एका घरात राहून खोकला त्याच्यात आधीच शिरलेला असणार. आणि त्या सुया तीन-तीन घ्याव्या लागतात, तेव्हा कुठं गुण येतो. उगाच मनाला लावून घेऊ नका."

तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात.

"नसंल वाचला. म्या कुठं म्हणते वाचला असता? पर तिनं त्याला हातात घेतलं असतं. बघितलं असतं. कन्नडला न्या म्हणाली असती. नाय तर नाय म्हणाली असती. पर दार तर उघडलं असतं ना गं."

मी म्हटलं, त्यानं काय फरक पडला असता? तुम्ही म्हणालात, "तू त्या खोलीत नव्हतीस." आणि विषय मिटला असं मला वाटलं. तो कधीच मिटला नाही. टीव्हीवर लसीची जाहिरात लागली की तुम्ही माझ्याकडं बघायचात, मी तुमच्याकडं. मी म्हणायचे, "विज्ञान विज्ञान असतं, आत्या." तुम्ही म्हणायचात, "व्हय, अन् दार दार असतं." तेवढ्यावर आपण दोघी पोळ्या लाटायला लागायचो.

पण त्या दिवशी उठता उठता तुम्ही एक गोष्ट बजावलीत. "हे नानाला कधी सांगू नको. म्या आतून ऐकलं हे त्याला ठावं नाय. लई भला माणूस हाय तो. कळलं तर जगायचा नाय."

मी शब्द दिला. तेव्हा काय, सोपा होता.

आणि नाना खरंच भला माणूस. मामंजी गेल्यावर त्यांनी तुमच्या वाट्याची जमीन स्वतःची असल्यासारखी कसली. दर हिवाळ्यात हुरडा, तुरीच्या शेंगा, मग काकवीची बरणी, सगळं स्वतः एसटीनं घेऊन यायचे. तुम्ही त्यांच्या चहात न विचारता जास्तीची साखर टाकायचात. तुम्ही समोर बसून बोलायचात पावसापाण्याचं, ऊस-कारखान्याचं. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि मला कळायचं नाही, ही बाई या माणसाकडं बघून हसते कशी. कधी तुमचा अभिमान वाटायचा. कधी चीड यायची. म्हणायचे, एकदा तरी बोलून टाका, मोकळ्या व्हा. तुम्ही म्हणायचात, "म्या मोकळी झाले तर तो अडकंल."

आता बघा कोण अडकलंय. तुम्ही सुटलात आणि मला या दोन दारांच्या मध्ये उभी करून गेलात. बाळाला बाहेर काढायचं तर नानांना उठवायला लागणार. नानांना उठवायला माझ्याकडं एकच गोष्ट आहे, आणि तीच सांगायची नाही असा तुम्हाला शब्द दिलेला. चार दिवस मी हेच करतेय. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येते, खुर्चीकडं बघते, परत आत जाते. भेटायला येणारं प्रत्येक माणूस आत डोकावून "बाळ कुठंय" विचारतं आणि खोकतं, आणि माझं वाक्य अर्ध्यावर तुटतं. तुमचीच सवय लागली मला. घरात हवा नाही आत्या. मला तुमचा रागही येतोय, हे सांगायला लाज वाटत नाही.

काल संध्याकाळपर्यंत एवढं लिहिलं होतं. पुढचं आज लिहितेय, कारण आज बुधवार होता.

सकाळी अश्विनीला म्हटलं, बाळाला गुंडाळ, टोपी घाल. तिनं सासऱ्यांविषयी "बाबा?" विचारलं. म्हटलं, बघते. तुमच्या लेकाच्या घोंगडीवरून पुढं गेले. त्यानं वर बघितलं आणि पाय आवरून घेतले. त्या बंद खोलीत तोही होता, आत्या. लग्नापासून आजपर्यंत त्यानं कमळचं नाव काढलेलं नाही.

नाना दारात. "कुठं निघालीस गं?"

"सुई द्यायला."

"सुतक हाय बाळा."

"हो."

मी तेवढंच बोलले. पुढचं वाक्य ओठांवर होतं. मनात चार दिवस घोटलेलं. नाना, आत्यांनी त्या दिवशी आतून सगळं ऐकलं होतं. एवढं म्हटलं की ते उठतील हे मला माहीत होतं, आणि पुन्हा कधी नीट बसणार नाहीत हेही. मी तोंड उघडलं. "नाना, त्या दिवशी..."

"कोणत्या दिवशी?"

अश्विनी माझ्या मागं उभी, बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं. नानांनी बाळाकडं बघितलं. मग खुर्चीच्या दांड्यावरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"त्या बारीला बी म्या असाच दारात व्हतो. सुईवाली बाई आली व्हती. लेकरू दाखवा म्हणाली. म्या नाय म्हणालो. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं म्हणायला. दादा बी मळ्यात व्हते. म्याच म्हणालो. शाना व्हायला गेलो." त्यांनी नाक पुसलं. "मग इजू गेला."

विजय, आत्या. त्यांच्या तोंडून दगडू आलं नाही.

"वहिनी आत व्हती," नाना म्हणाले. "तिनं ऐकलं असंल का, हेच इचारायचं राहिलं. दर साली हुरडा घेऊन यायचो अन् इचारीन म्हणायचो. तिनं चहा पुढं केला की धीर सुटायचा." मग त्यांनी मान वर केली. "तुला कधी काय बोलली का गं? तिला ठावं व्हतं का?"

तुम्ही दोघं समोरासमोर बसून ऊसपाण्याच्या गप्पा मारत होतात, आत्या. इतकी वर्षं. तुम्हाला वाटत होतं ते सुटलेत, आणि त्यांना वाटत होतं तुम्ही सुटलात.

खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनाही बरं वाटलं असतं. तुम्ही ऐकलं होतं आणि तरी साखर जास्त घालत होतात, हे त्यांना कळायला हवं होतं असं मला अजून वाटतं. पण ते मी ठरवायचं नव्हतं. मी म्हटलं, "नाही नाना. त्यांना काहीच माहीत नव्हतं."

तुमचा शब्द पाळला. यापुढं यावरून माझ्याशी भांडायचं नाही.

नानांनी डोळे मिटले, उघडले. मग उठले, खुर्ची उचलून भिंतीला लावली, चपला शोधल्या. "चल. रिक्षा म्या बघतो."

केंद्रात गर्दी होती. नाना बाळाचं टोपडं हातात धरून बाहेर बाकावर बसले, सुई बघवत नाही म्हणाले. सुई टोचली आणि तुमच्या पणतूनं असं भोकाड पसरलं की रांगेतली दोन पोरं ऐकूनच रडायला लागली. चेहरा लालभडक, मुठी आवळलेल्या, प्रत्येक किंकाळीनंतर भलामोठा श्वास आत, आणि पुन्हा किंकाळी. त्या श्वासाला कसलाही आवाज नव्हता. मी ऐकला. मुद्दाम ऐकला.

रिक्षात अश्विनी त्याला गप्प करायला बघत होती. नाना म्हणाले, "रडू दे गं. वहिनी म्हणायची..." आणि हातातल्या टोपड्याची घडी घालायला लागले. मला ते वाक्य पाठ होतं. मीही पुरं केलं नाही.

तुमचं-माझं भांडण अजून बाकीच आहे. त्या एका सुईनं विजय वाचला नसता असं मी आजही म्हणेन. फक्त दार दार असतं, एवढं मला आज मान्य करावं लागलं. वर गेल्यावर हसा हवं तर.

घरी आलो तर नाना चपला काढून तडक तुमच्या खोलीत गेले. मला वाटलं दिव्यात तेल घालायला. त्यांनी फटीतले बोळे काढले आणि खिडकी सताड उघडली. गार वारा आत आला, ज्योत आडवी झाली. मग ते पिठाजवळ मांडी घालून बसले आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा दिव्याभोवती धरला. मी हा कागद संपवतेय तरी ते तसेच बसलेत. पलीकडच्या खोलीत बाळ अजून रडतंय. कुणीही त्याला गप्प केलेलं नाही.